तारेवरचा एकटा खलाशी : बेन लेक्सन

चिकपेट (बंगळूर) : शहाजीराजांच्या जहागिरीमुळे मराठी वाचकाला बंगळूर परके नाही, आणि बंगळुरात कापड घ्यायचे म्हटले की चिकपेटेच्या गल्ल्या टळत नाहीत. इथल्या कोणत्याही शिंप्याला एक गोष्ट सांगावी लागत नाही : सपाट कापडाला अंगाची गोलाई येते ती बेतण्यातून. शीड शिवणाऱ्या कारागिराचाही धंदा नेमका हाच. पट्ट्यांच्या कडा किंचित वक्र कापायच्या आणि मग त्या एकमेकींना जोडायच्या. म्हणजे सपाट कापडात पोट तयार होते आणि वारा त्या पोटावरून वाहू लागला की नौका पुढे ओढली जाते. चिकपेटेपासून काही किलोमीटर पूर्वेला, हलसूरच्या तलावावर, लष्कराच्या अभियंत्यांच्या नौका अशाच शिडांवर चालतात. या विद्येत ज्याने साऱ्या जगाला नवे काही दिले, तो ऑस्ट्रेलियन कारागीर बेन लेक्सन जवळजवळ निरक्षर अवस्थेत वाढला होता, हे मात्र फारसे कोणाला ठाऊक नसते.

त्याचे मूळ नाव रॉबर्ट क्लाइड मिलर. जन्म 19 मार्च 1936 रोजी न्यू साउथ वेल्समधील बोगाब्री या आडगावी झाला. मजुरीच्या शोधात गावोगाव फिरणारे आईवडील त्याला लहानपणीच दुरावले आणि न्यूकॅसल बंदरात आजोबांच्या आश्रयाने तो वाढला. शाळेत तो उशिरा गेला आणि चौदाव्या वर्षी बाहेर पडला. रेल्वेच्या इंजिनांच्या कार्यशाळेत उमेदवारी करताना त्याला हत्यारांची ओळख झाली. पाण्याची ओळख बंदराने आधीच करून दिली होती. वयाच्या सोळाव्या वर्षाच्या सुमारास त्याने मित्राबरोबर पहिली नौका बांधली. पुढे ब्रिस्बेन, मग सिडनी, आणि उपजीविकेसाठी शिडे शिवणे. क्रेग व्हिटवर्थ या भागीदारासह त्याने मिलर अँड व्हिटवर्थ ही पेढी काढली. त्याची पुढची सारी कामे पाहिली तर ती या शिवणकामाच्या टेबलावरून उठलेल्या माणसाचीच वाटतात. गणित त्याने मागाहून जमवले, वाऱ्याची जाण मात्र बोटांत आधीपासून होती.

ऑस्ट्रेलियातील अठरा फुटी नौकांच्या शर्यती त्या काळी भारी लाकडी नौकांच्या आणि मोठ्या ताफ्याच्या असत. मिलरने पातळ प्लायवूडची, थोड्या माणसांनी चालणारी टायपॅन काढली आणि जुन्या मंडळींचा रोष ओढवून घेतला. पाठोपाठ आलेल्या व्हेनमने 1961 मध्ये जागतिक अजिंक्यपद जिंकले. वजन काढून टाकायचे आणि उरलेले काम माणसाच्या शरीराकडून करून घ्यायचे, ही त्याची पद्धत तिथेच ठरली.

शरीराकडून काम करून घेण्याचे साधन म्हणजे ट्रॅपिझ. वाऱ्याने नौका एका बाजूला कलते. ती सरळ ठेवायला खलाशाने दुसऱ्या बाजूला वजन टाकायचे असते. काठावर बसून मागे वाकण्याला मर्यादा आहे. डोलकाठीच्या वरच्या भागातून आलेल्या तारेला कमरेचा पट्टा अडकवून, पाय काठावर टेकवून सारे अंग पाण्यावर आडवे झोकले, तर तेच वजन दुपटीने उपयोगी पडते. 1938 मध्ये ब्रिटनमधील एका प्रतिष्ठेच्या शर्यतीत जॉन विंटर आणि पीटर स्कॉट यांनी ही युक्ती वापरून बाजी मारली आणि अधिकाऱ्यांनी ती ताबडतोब बंद केली. (हे स्कॉट म्हणजे पुढे वन्यजीव रक्षणासाठी जगभर नावाजलेले पक्षितज्ज्ञच.) दुसऱ्या महायुद्धानंतर बंदी उठली. पण तारेवर जायचा तो दुसरा गडी. सुकाणू धरणारा आत बसूनच राहायचा.

एकट्याच्या नौकेत ऑलिंपिकला 1952 पासून फिन ही नौका होती. ती धिप्पाड माणसांची नौका. मांड्यांच्या बळावर काठाबाहेर लोंबकळत राहायचे. डेन्मार्कचे पॉल एल्व्हस्ट्रॉम यांनी तर घरात बाक ठेवून याचा सराव केला आणि 1948 ते 1960 या चार ऑलिंपिकमध्ये सलग चार सुवर्णपदके मिळवली. हलका खलाशी वजन वाढवायला भिजलेले लोकरी कपडे अंगावर चढवी. आंतरराष्ट्रीय संघटनेने फिनऐवजी नवी नौका शोधण्यासाठी साठीच्या दशकात चाचण्या ठेवल्या, तेव्हा मिलरने 1967 मध्ये कंटेंडर आखली : लांबी 4.87 मीटर, एकच शीड, क्षेत्रफळ 10.8 चौरस मीटर, अरुंद बांधा, आणि सुकाणू धरणारा एकटा गडीच तारेवर.

या नौकेने खलाशाकडून काय मागितले, हे समजल्याशिवाय मिलरचे धाडस कळत नाही. एका हातात शिडाची दोरी, दुसऱ्या हातात सुकाणूचा लांब दांडा, आणि सारा देह नौकेबाहेर. पुढचा पाय ताठ, मागचा किंचित वाकलेला, दोहोंत खांद्याएवढे अंतर. पुढचा पाय ढिला पडला आणि नौका लाटेवर अडखळली, तर माणूस तारेसकट पुढे भिरकावला जातो. वाऱ्याचा झोत आला की दोरी थोडी सैल सोडायची, नौका सपाट राखायची आणि वेग वाढताच दोरी पुन्हा ओढायची; वारा पडला की गुडघे दुमडून आत यायचे. वारा बाजूने असेल तर तारेवरूनच मागे सरकायचे, नाहीतर नौकेचे तोंड लाटेत घुसते. वारा फार झाला तर शिडाचा खालचा दांडा दोरीने खाली खेचून आणि शिडाची पुढची कड ताणून त्याचे पोट सपाट करायचे. कापडाचा माणूस होता तो. हे ताण कुठे द्यायचे ते त्याने आधीच बेतलेले होते.

खरी परीक्षा वळताना. आत या, आकडा सोडा, सुकाणू फिरवा, दांड्याखालून पलीकडे जा, मूठ धरून बाहेर झोकून द्या आणि मग आकडा अडकवा. आकडा आधी लावण्याच्या नादात नौका थांबते आणि दोन नौकांची लांबी हातची जाते. म्हणून या वर्गातला सराव पाण्यापेक्षा काठावर सुरू झालेला बरा. हिरवळीवर नौका बांधून ठेवून हाच क्रम पायांना पाठ होईपर्यंत करायचा. मग पाण्यात दोन नौका शेजारी चालवायच्या आणि एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहायची, म्हणजे वेग कशाने वाढला याबद्दल मनाची फसवणूक होत नाही. वारा पाठीशी घेऊन वळणे त्याहून अवघड. नवखा तिथे हमखास उलटतो, आणि उलटलेली नौका एकट्याने लवकर उभी करणे हाही सरावाचाच भाग ठरतो. तारेमुळे हलका आणि भारी यांतले अंतर मात्र कमी झाले, आणि मिलरचे यश मला इथे सर्वांत मोठे वाटते.

कंटेंडर चाचण्यांत सरस ठरली. 1968 मध्ये तिला आंतरराष्ट्रीय वर्गाचा दर्जा मिळाला. ऑलिंपिक मात्र मिळाले नाही. फिन टोकियोपर्यंत टिकली, 1996 मध्ये लेझर आली, आणि एकट्याने ट्रॅपिझवर चालवायच्या डिंगीला ते दार आजवर उघडलेले नाही. भारतात ट्रॅपिझची कीर्ती दोघांच्या नौकेने आणली : 1982 च्या आशियाई स्पर्धेत मुंबईच्या समुद्रावर फारुख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी फायरबॉल वर्गात सुवर्णपदक जिंकले.

मिलर स्वतः 1972 च्या ऑलिंपिकमध्ये कील येथे सोलिंग वर्गात उतरला होता. एव्हाना उद्योगपती ॲलन बाँड यांच्यासाठी तो मोठ्या नौका आखू लागला होता. 1974 मध्ये अमेरिका चषकासाठी सदर्न क्रॉस आखली; ती 4-0 अशी हरली. त्याच सुमारास पेढीशी फारकत झाली. पेढीच्या नावात मिलर तसाच राहिला, माणूस मात्र बाहेर पडला. म्हणून त्याने स्वतःचेच नाव बदलले आणि तो बेन लेक्सन झाला. 1977 मध्ये ऑस्ट्रेलिया ही नौका 4-0 ने, 1980 मध्ये 4-1 ने हरली.

1983 मध्ये ऑस्ट्रेलिया-टू आली. तिचा तळकणा खाली रुंद आणि दोन्ही बाजूंना पंख असलेला. किनाऱ्यावर असताना तो कापडी पडद्यांनी झाकून ठेवत. त्याची चाचणी नेदरलँड्समधील वागेनिंगेनच्या जलकुंडात झाली होती, आणि या कल्पनेत आपला वाटा मोठा होता असे तिथल्या संशोधकांनी पुढे म्हटले. तो वाद आजही मिटलेला नाही. अमेरिकेची लिबर्टी 3-1 ने पुढे होती. ऑस्ट्रेलिया-टूने ओळीने तीन शर्यती घेतल्या आणि 26 सप्टेंबर रोजी, 132 वर्षांनी, चषक प्रथमच अमेरिकेबाहेर गेला.

रक्तदाब आणि हृदयविकाराने लेक्सन त्या मोहिमेतच खचला होता. 1 मे 1988 रोजी, 52 व्या वर्षी, हृदयविकारानेच सिडनीत त्याचे निधन झाले. कंटेंडरच्या जागतिक स्पर्धा अजूनही भरतात. पुढच्याच वर्षी टोयोटाने ऑस्ट्रेलियात लेक्सन नावाची मोटार विकायला काढली. ती मुळात होल्डन कंपनीची कमोडोर होती. फक्त नाव बदललेले होते.