पंडिता रमाबाई : श्रद्धा आणि सेवा

प्रस्तावना

ख्रिस्ती धर्मश्रद्धेतून उभ्या राहिलेल्या समाजसेवेचा महाराष्ट्रातील इतिहास अभ्यासताना पंडिता रमाबाईंचे (1858–1922) चरित्र टाळता येत नाही. त्यांच्या सेवाकार्याचे मूळ कशात होते आणि त्यासाठी त्यांना कोणती किंमत मोजावी लागली, हे या घटकात आपण पाहणार आहोत.

जडणघडण

अनंतशास्त्री डोंगरे यांनी समाजाचा रोष पत्करून पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवले. तीच विद्या आईकडून रमाबाईंना मिळाली. पुराणे सांगत तीर्थयात्रा करणारे हे कुटुंब 1870च्या दशकातील दुष्काळात सापडले. वडील, आई आणि थोरली बहीण यांचा पाठोपाठ मृत्यू झाला. रमाबाई व बंधू श्रीनिवासशास्त्री अर्धपोटी देशभर फिरत राहिले. 1878मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी रमाबाईंना ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. 1880मध्ये बंधू निवर्तले. पुढे त्यांनी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी आंतरजातीय विवाह केला. परंतु 1882मध्ये त्यांचेही निधन झाले. तान्ही मनोरमा पदरी असताना रमाबाईंना वैधव्य आले. उपासमार आणि वैधव्य ही दोन्ही दुःखे त्यांनी स्वतः भोगली होती.

श्रद्धेचा स्वीकार

पुण्यात आर्य महिला समाजाची स्थापना करून रमाबाई 1883मध्ये इंग्लंडला गेल्या. समाजाने पतित ठरवलेल्या स्त्रियांना ख्रिस्ती भगिनी सन्मानाने सांभाळतात, हे त्यांनी लंडनमधील फुलहॅम येथे पाहिले. या वागणुकीमागील प्रेरणा शोधताना येशू आणि शोमरोनी स्त्री यांच्या भेटीची कथा त्यांच्या मनाला भिडली. 29 सप्टेंबर 1883 रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. सेवेचे प्रत्यक्ष दर्शन त्यांना श्रद्धेकडे घेऊन गेले, हा क्रम लक्षात घ्यावा.

शारदा सदन ते मुक्ती सदन

11 मार्च 1889 रोजी मुंबईत विधवांसाठी ‘शारदा सदन’ सुरू झाले. पुढील वर्षी ते पुण्यात आले. गोदूबाई, म्हणजेच पुढे महर्षी कर्व्यांच्या पत्नी झालेल्या आनंदीबाई, येथील आरंभीच्या विद्यार्थिनींपैकी एक होत. मुलींना स्वधर्माचे आचार पाळण्याची मुभा होती. तथापि रमाबाईंच्या प्रार्थनेला काही मुली बसू लागल्या आणि 1893मध्ये वाद पेटला. न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर यांच्यासारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले. अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. आश्रित मुलींवरील धर्मप्रभावाबद्दलची टीकाकारांची शंका आणि उघडपणे प्रार्थना करण्याचा रमाबाईंचा आग्रह, या दोन्ही बाजू अभ्यासकाने तपासल्या पाहिजेत.

पुढे मध्य प्रांतात दुष्काळ पडला, तेव्हा रमाबाईंनी तेथे जाऊन शेकडो निराधार मुली आणल्या आणि केडगाव येथे ‘मुक्ती सदन’ उभे केले. 1900 सालच्या गुजरातेतील दुष्काळानंतर तेथील संख्या दीड हजारांपलीकडे गेली. अंध, वृद्ध आणि अत्याचारग्रस्त स्त्रियांसाठीही तेथे सोय होती. केवळ अन्नछत्र चालवणे रमाबाईंना मान्य नव्हते. अक्षरओळखीबरोबर शेती, विणकाम, तेलघाणा, छपाई अशी कामे शिकवून प्रत्येकीला स्वतःच्या पायांवर उभे करणे हा त्यांचा हेतू होता.

भाषेची सेवा

रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक शिकून बायबलचे मराठी भाषांतर केले. अल्पशिक्षित स्त्रीलाही समजावे म्हणून स्वतः संस्कृतपंडिता असूनही त्यांनी संस्कृतप्रचुर शब्द कटाक्षाने टाळले. त्याचे खिळे आश्रमातील स्त्रियांनी जुळवले. 1921मध्ये मनोरमाबाई गेल्या आणि 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाईंनी देह ठेवला. संपूर्ण भाषांतर 1924मध्ये प्रसिद्ध झाले.

समारोप

भुकेल्याला घास देण्यापासून त्याच्या हाती विद्या आणि काम देण्यापर्यंत रमाबाईंची सेवा पोहोचली. त्यांच्या दृष्टीने हे कार्य म्हणजेच ईश्वराची उपासना होती.

स्वाध्याय

1. 1893च्या वादातील दोन्ही बाजू स्वतःच्या शब्दांत मांडा.
2. बिरवाडी, महाड व पोलादपूर परिसरातील विद्यार्थ्यांनी जुलै 2021चा पूर आणि तळिये येथील दरड यांनंतर झालेल्या मदतकार्याची माहिती मिळवावी. तातडीची मदत आणि कायमचे पुनर्वसन यांतील फरक मुक्ती सदनाच्या आधारे स्पष्ट करा.