केतकरांचे भाकीत आणि प्लूटो

नाहूरच्या पूर्वेस ठाण्याची खाडी आहे. त्या काठावरील मिठागरे ज्या भरतीवर पोसली, ती मुख्यतः चंद्राच्या ओढीने येते. उलट पृथ्वीच्या ओढीने चंद्राची स्वतःभोवतीची गती मंदावली आणि त्याची एकच बाजू कायमची आपल्याकडे राहिली. गुरुत्वाकर्षणाच्या अशा बंधनांचे गणित ज्यांनी एका शाळेत नोकरी करीत मांडले, त्या ज्योतिर्विद व्यंकटेश बापूजी केतकर यांचे नाव आज केवळ पंचांगापुरते उरावे, ही खेदाची गोष्ट आहे.

केतकरांचा जन्म १८५४ साली नरगुंद येथे झाला. मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात ते शिक्षक झाले व पुढे बागलकोटच्या इंग्रजी शाळेचे हेडमास्तर. हाताशी वेधशाळा नव्हती. तरीही पाश्चात्त्य गणिताचा अभ्यास करून त्यांनी ‘ज्योतिर्गणित’ हा संस्कृत ग्रंथ रचला. पंचांगात लिहिलेला ग्रह आकाशात त्याच जागी दिसला पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता.

१९११ मध्ये फ्रान्सच्या खगोल संस्थेच्या पत्रिकेत त्यांचा लेख प्रसिद्ध झाला. गुरूचा आयो हा चंद्र चार प्रदक्षिणा करतो, तेवढ्यात युरोपाच्या दोन व गॅनिमीडची एक होते. परस्परांच्या ओढीने या कक्षा बांधल्या गेल्या आहेत, हे लाप्लासने दाखविले होते. तोच विचार बाह्य ग्रहांना लावून केतकरांनी नेपच्यूनपलीकडे दोन ग्रह वर्तविले. त्यांतील ‘ब्रह्मा’ सूर्यापासून पृथ्वीच्या सुमारे ३९ पट अंतरावर असून त्याचा प्रदक्षिणाकाल सुमारे २४२ वर्षे असावा, असे त्यांचे गणित होते. फेब्रुवारी १९३० मध्ये टॉम्बॉ यांना प्लूटो सापडला. त्याचे सरासरी अंतर साडेएकोणचाळीस पट, काल २४८ वर्षे! त्याच वर्षी ऑगस्टमध्ये केतकर निवर्तले.

येथे अभिमानाला आवर घातला पाहिजे. प्लूटोचा शोध केतकरांनी लावला, असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. त्यांचा दुसरा ग्रह ‘विष्णू’ सापडलेला नाही. १९७८ मध्ये प्लूटोचा उपग्रह शॅरन सापडला, तेव्हा प्लूटोचे वस्तुमान आपल्या चंद्राच्या पंचमांशाहूनही कमी असल्याचे कळले. २००६ मध्ये तो बटुग्रह ठरला. अंतराची जुळणी हा बव्हंशी योगायोगच होय. मात्र कक्षांच्या बंधनाची कल्पना निराधार नव्हती. नेपच्यूनच्या तीन प्रदक्षिणा होतात तेव्हा प्लूटोच्या दोन होतात आणि या बंधनामुळेच दोघांची गाठ टळते. प्लूटो व शॅरन तर सुमारे ६.४ दिवसांत फिरत एकमेकांकडे सदैव तोंड करून असतात.

केतकरांचे मोठेपण भाकीत जुळण्यात नाही. बागलकोटच्या या हेडमास्तरांनी आपले गणित जगापुढे तपासणीसाठी ठेवले, ते चुकण्याचा धोका पत्करून. पूर्वजांना सर्वज्ञ ठरविण्यापेक्षा हे धैर्य विद्यार्थ्यांना शिकविणे, हेच त्यांचे खरे स्मारक ठरेल.