तीन मतांचा विजय

दादाभाई नौरोजी म्हटले की आपल्याला पाठ्यपुस्तकातली पांढरी दाढी आठवते आणि संपत्तीच्या अपहाराचा सिद्धांत. मला मात्र त्यांच्या आयुष्यातील 1892 ची निवडणूक अधिक मोलाची वाटते.

1825 साली गरीब पारशी घरात त्यांचा जन्म झाला. चार वर्षांचे असताना वडील वारले. आई माणेकबाईंनी त्यांना वाढविले. शाळेत फी नव्हती, म्हणून शिक्षण झाले. पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात ते गणिताचे प्राध्यापक झाले. तेथे हा मान मिळविणारे ते पहिलेच भारतीय. 1849 मध्ये मुलींसाठी मराठी व गुजराती शाळा काढणाऱ्या तरुणांतही ते होते.

1855 मध्ये व्यापारासाठी ते विलायतेस गेले. हिंदुस्थानातून दरसाल किती धन बाहेर जाते याचा हिशेब त्यांनी पुढे वर्षानुवर्षे मांडला. पण तो ऐकणार कोण? कायदे करणारी पार्लमेंट लंडनमध्ये, आणि तिथे आपला एकही माणूस नाही. म्हणून 1886 मध्ये ते होलबॉर्नमधून उभे राहिले व पडले. दोन वर्षांनी पंतप्रधान सॅलिसबरी यांनी भाषणात या पराभवाचा उल्लेख करून, इंग्रज मतदार काळ्या माणसाला निवडून देतील असे आपणास वाटत नाही, असा टोमणा मारला. त्यावर विलायतेत मोठा गहजब झाला आणि दादाभाईंचे नाव घरोघर पोचले!

सेंट्रल फिन्सबरीत लिबरल पक्षाची उमेदवारी मिळवितानाच त्यांना स्वपक्षीयांशी दीर्घकाळ झगडावे लागले. 1892 च्या जुलैत निकाल लागला : दादाभाई 2,959, प्रतिस्पर्धी पेंटन 2,956. आमच्या बुऱ्हाणपुरात वॉर्डाची निवडणूक तीन मतांनी लागली, तरी चहाच्या टपरीवर महिनाभर दुसरा विषय निघायचा नाही. नौरोजी या नावाचे थट्टेखोरांनी नॅरो-मेजॉरिटी केले. दादाभाईंनी शपथ घेतली ती बायबलावर नव्हे, अवेस्तावर.

1893 मध्ये सनदी सेवेची परीक्षा लंडनबरोबर हिंदुस्थानातही घ्यावी, हा ठराव कॉमन्स सभेत संमत झाला. सरकारने तो बासनात गुंडाळून ठेवला. निवडून येण्याहूनही हे दुःख मोठे असावे, असे मला वाटते. मत मोजले गेले, ठरावही झाला. अंमल मात्र झाला नाही.

1895 च्या निवडणुकीत ते पडले. 1906 मध्ये, वयाच्या 81 व्या वर्षी, कलकत्ता काँग्रेसच्या अध्यक्षपदावरून त्यांनी स्वराज्य मागितले.