रक्ताला बाजूला सारणारा प्रकाश

माजिवड्यापासून डोंबिवलीपर्यंत त्वचारोगतज्ज्ञांच्या दवाखान्यांवर लेझर उपचारांची पाटी आता नवी राहिलेली नाही. चेहऱ्यावरचा जन्मजात लाल-जांभळा डाग प्रकाशाने फिका करता येतो, हेही अनेकांना ठाऊक आहे. मात्र त्वचेच्या रोगावर प्रकाशाचा शास्त्रशुद्ध वापर रुजवणारा डॉक्टर स्वतः तरुणपणापासून आजारी होता, हे फारसे माहीत नसते.

नील्स रायबर्ग फिन्सेन यांचा जन्म १५ डिसेंबर १८६० रोजी उत्तर अटलांटिकमधील फेरो बेटांवर झाला. काही शिक्षण आइसलँडमध्ये झाले आणि १८९० मध्ये कोपनहेगनला ते डॉक्टर झाले. विद्यार्थी असतानाच त्यांना दुखण्याने गाठले. हृदयाचे आवरण आणि यकृत यांना ग्रासणाऱ्या या रोगामुळे पोटात पाणी साठे, थकवा येई. उन्हात बसले की बरे वाटते, या स्वतःच्या अनुभवातून त्यांना प्रकाशाचे कुतूहल लागले.

त्या काळी युरोपात त्वचेचा क्षय हा मोठा शाप होता. नाक, ओठ, गाल हळूहळू झिजत जात. रुग्ण तोंड लपवून जगत. १८९५ मध्ये फिन्सेन यांनी कोपनहेगनच्या वीजकेंद्रात कार्बनच्या प्रखर दिव्याखाली अशा एका रुग्णावर, एका अभियंत्यावर, उपचार सुरू केले. वर्षानुवर्षे कशालाच न जुमानलेला रोग हटू लागला. १८९६ मध्ये त्यांच्या नावाची प्रकाशोपचार संस्था उभी राहिली.

त्यांच्यापुढे मुख्य अडचण होती ती रक्ताची. त्वचेतले रक्त प्रकाश शोषून घेते आणि तो खोलवर पोहोचू देत नाही. कानाच्या पाळीमागे छायाचित्रणाचा कागद ठेवून त्यांनी हे पडताळले. पाळी काचांमध्ये दाबून रक्त बाजूला सारले, की कागद चटकन काळा पडे. म्हणून उपचाराच्या वेळी परिचारिका स्फटिकाचे, आतून पाणी खेळवून थंड ठेवलेले भिंग रुग्णाच्या त्वचेवर तासभर दाबून धरत. असे कित्येक महिने चाले.

१९०३ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले, पण तोवर ते चाकांच्या खुर्चीला खिळले होते. समारंभाला जाता आले नाही. बक्षिसातील मोठा वाटा त्यांनी आपल्या संस्थेला आणि एका आरोग्यधामाला दिला. स्वतःच्या आहारातील मीठ-पाण्याची काटेकोर नोंद ठेवून त्यांनी आपल्याच रोगाचाही अभ्यास केला. २४ सप्टेंबर १९०४ रोजी, अवघ्या ४३ व्या वर्षी, ते गेले. पुढे क्षयावर औषधे आली आणि त्यांचे दिवे विझले.

गंमत अशी, की त्यांना अडथळा वाटलेले रक्तच आज उपचाराचे लक्ष्य आहे. १९८३ मध्ये अमेरिकेतील अँडरसन आणि पॅरिश यांनी यामागचे तत्त्व मांडले. रक्तातील हिमोग्लोबिन जो रंग शोषते, नेमका तोच प्रकाश अगदी क्षणभर सोडायचा. त्यामुळे फुगलेली रक्तवाहिनी तापून बंद होते आणि शेजारची त्वचा बचावते. डागांसाठीचे पल्स्ड डाय लेझर ५८५ ते ५९५ नॅनोमीटरचा पिवळा प्रकाश याच कामी वापरते. फिन्सेन दाब देऊन रक्त हटवत, तर या उपचारात रक्त जागेवरच हवे असते.

आपल्याकडच्या सावळ्या त्वचेत मात्र मेलॅनिनही हा प्रकाश शोषते. त्यामुळे भाजण्याचा, काळे-पांढरे व्रण राहण्याचा धोका अधिक असतो. आधी लहानशा जागेवर चाचणी घेणे आणि उन्हापासून जपणे म्हणूनच गरजेचे ठरते. उपचाराच्या बऱ्याच फेऱ्या लागतात आणि डाग पूर्ण जाईलच असे नाही. बाळाच्या अंगावर जन्मानंतर वाढणारी लाल गाठ बहुतेकदा कालांतराने आपोआप ओसरते. पण ती डोळ्याजवळ, ओठांवर असेल किंवा झपाट्याने वाढत असेल, तर तज्ज्ञांकडे जाण्यास उशीर करू नये. तिथे अनेकदा लेझरआधी औषधच दिले जाते.

चेहऱ्यावरच्या खुणेमुळे कोणाला तोंड लपवावे लागू नये, यासाठी फिन्सेन यांनी आपली उरलीसुरली ताकद खर्च केली. आजच्या दिव्यांमागे ती धडपड आहे.