दगडाचं पीठ करायला किती ताकद लागते, याचा हिशोब मांडणारा पेटर रिटिंगर

गिरणीत गहू भरडून घ्या किंवा बारीक दळून घ्या, फरक लगेच कळतो. भरडा पटकन होतो, बारीक दळणाला वेळ लागतो आणि पीठ गरम होऊन बाहेर येतं. पण किती जास्त वेळ? दुप्पट, दहापट? हा प्रश्न गव्हाचा असेल तर फारसं बिघडत नाही. चांदीच्या खाणीचा असेल तर मात्र याच उत्तरावर खाण चालणार की बंद पडणार हे ठरतं.

त्याचं उत्तर शोधणाऱ्यांत पहिलं नाव घेतलं जातं पेटर रिटिंगरचं.

23 जानेवारी 1811 ला मोराव्हियातल्या नॉयटिचाइन गावात त्याचा जन्म झाला. हे गाव आज चेक प्रजासत्ताकात आहे, तेव्हा ते ऑस्ट्रियन साम्राज्यात होतं. ओलोमोउत्सला शिक्षण झाल्यावर तो शेम्निट्सच्या खाण अकादमीत गेला. शेम्निट्स म्हणजे आजच्या स्लोव्हाकियातलं बान्स्का श्टियाव्हनित्सा. युरोपातल्या मोठ्या चांदीच्या खाणींपैकी एक तिथे होती, आणि खाणीचं शास्त्र शिकायला लांबून पोरं तिथे यायची.

1840 मध्ये त्याला तिथेच नोकरी लागली. काम होतं कुटणी कारखान्यांवर देखरेख करण्याचं.

कुटणी कारखाना म्हणजे काय, तर आपलं उखळ-मुसळच, फक्त राक्षसी आकाराचं. पाणचक्की फिरते, तिच्या आसाला लावलेल्या खुंट्या लोखंडी टोकाची जड मुसळं उचलतात आणि सोडून देतात. खाली खनिजाचा दगड, वरून पाण्याची धार.

तोवर सोपं खनिज संपत आलेलं होतं. उरलेल्या दगडात चांदी कमी, तीही बारीक कणांत विखुरलेली. ती सुटी करायची तर दगड बारीक कुटायलाच हवा. पण जास्त कुटला तर दुहेरी नुकसान व्हायचं. ताकद वाया जायचीच, शिवाय चांदीचाही गाळ होऊन ती पाण्याबरोबर वाहून जायची. आणि ताकद म्हणजे तिथे पाणी. ते साठवायला शेम्निट्सच्या डोंगरांत माणसांनी तलावांची अख्खी साखळी बांधली होती. त्यामुळे कुठवर कुटायचं आणि कुठे थांबायचं, याला फार किंमत होती.

रिटिंगरने आधी यंत्रं सुधारली. निमुळत्या तळाच्या लाकडी पेट्या त्याने ओळीने मांडल्या, पुढची पेटी मागचीपेक्षा मोठी. गढूळ पाणी जसं पुढे जाईल तसं संथ होतं, जाड कण आधी बसतात आणि बारीक नंतर. मग त्याने बाजूने धक्के खाणारं उतरतं टेबल बनवलं. वरून पाणी वाहतं, हलके कण सरळ खाली जातात, जड कण धक्क्यांनी बाजूला सरकतात. काम न थांबवता दोन्ही वेगवेगळे गोळा होतात.

1848 नंतर तो बोहेमियातल्या योआखिमस्टालला गेला (डॉलर हा शब्द ज्या गावाच्या नावावरून आला तेच हे गाव!) आणि मग व्हिएन्नाला सरकारी खाण खात्यात. तिथेही तो फायलींत अडकला नाही. मिठागरात खारं पाणी उकळायला प्रचंड लाकूड जळायचं आणि त्याची वाफ हवेत निघून जायची. रिटिंगरने ठरवलं, हीच वाफ दाबायची. दाबली की ती जास्त तापते, मग तिनेच खालचं पाणी उकळायचं. दाबण्याची ताकद पाण्यातून घ्यायची. 1855 ते 1857 च्या दरम्यान एबेन्झे इथे त्याने हा प्रयोग केला. आज ज्याला हीट पंप म्हणतात त्याचा हा पहिला अवतार. पण भांड्यावर क्षारांचे थर बसत गेले आणि यंत्र नीट चाललं नाही. पुढे 1877 मध्ये स्वित्झर्लंडच्या बे गावातल्या मिठागरात याच तत्त्वावरचं यंत्र यशस्वी झालं. ते पाहायला रिटिंगर नव्हता.

त्याचं मोठं काम मात्र 1867 च्या ग्रंथात आहे. खनिज स्वच्छ आणि समृद्ध करण्याच्या शास्त्राचं हे पाठ्यपुस्तक. त्यात त्याचा नियम येतो : दळताना लागणारी ऊर्जा ही नव्याने तयार झालेल्या पृष्ठभागाच्या प्रमाणात असते.

अवघड वाटतंय? एक सेंटिमीटरचा दगडी ठोकळा घ्या. त्याचा पृष्ठभाग 6 चौरस सेंटिमीटर. त्याचे एक मिलिमीटरचे 1000 ठोकळे केले की पृष्ठभाग होतो 60. आणखी दहापट बारीक केलं की 600. म्हणजे पहिल्या टप्प्यात 54 ची भर पडली, दुसऱ्यात 540 ची. दोन्ही वेळा आकार दहापटच कमी झाला, पण रिटिंगरच्या हिशोबाने दुसऱ्या टप्प्याला दहापट ऊर्जा लागणार.

7 डिसेंबर 1872 ला व्हिएन्नात तो वारला. पण वाद संपला नव्हता. 1885 मध्ये फ्रिडरिश किकने मांडलं की दोन्ही टप्प्यांना सारखीच ऊर्जा लागते. दोन्ही बाजूंचे लोक पुढची कित्येक वर्षं भांडत राहिले. 1952 मध्ये अमेरिकेच्या फ्रेड बाँडने मधला मार्ग काढला. त्याच्या सूत्राने दुसऱ्या टप्प्याला साधारण सव्वातीन पट ऊर्जा लागते. आज गिरण्यांचा आकार ठरवताना बाँडचंच सूत्र सर्रास वापरतात. मोठे दगड फोडताना किक जवळ येतो, अगदी बारीक दळताना रिटिंगर. खरं तर गिरणीत जाणाऱ्या ऊर्जेचा अगदी किरकोळ भाग नवा पृष्ठभाग तयार करण्यात जातो, बाकीची उष्णता होऊन जाते. तरीही बारीक दळणात हिशोब पृष्ठभागाच्या प्रमाणात जुळतो, हे मला तरी नवलाचं वाटतं.

चंद्रपूरकडच्या सिमेंट कारखान्यांत आजही दळणाचा बारीकपणा असाच मोजतात. साध्या पोर्टलँड सिमेंटसाठी भारतीय मानक सांगतं, एका किलोचा पृष्ठभाग किमान 225 चौरस मीटर हवा.