सवा रुपयाची गोष्ट

प्लेसमेंट सीझन सुरू झाला की आपल्या होस्टेलमध्ये एकच प्रश्न असतो, पॅकेज किती? कोणाला साडेतीन लाख, कोणाला सहा, एखाद्या हुशार मुलाला बारा! हे आकडे आपल्याला तोंडपाठ असतात. पण मेसमध्ये भांडी घासायला सकाळी ठाकुरवाडीतून चालत येणाऱ्या मावशींना किती मिळतात, हे कोणी विचारत नाही. कर्जत-खालापूरच्या डोंगरांत अशा ठाकुरवाड्या कितीतरी आहेत. पावसाळ्यात भातलावणी, मग वीटभट्टी नाहीतर फार्महाऊसवरचं काम. भट्टीवर हजार विटांमागे दर असतो आणि त्यातून आधी घेतलेली उचल कापली जाते. एनएसएसच्या कॅम्पला आम्ही सात दिवस वाडीत होतो, तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. दर वाडीतला माणूस कधीच ठरवत नाही. तो त्याला सांगितला जातो.

म्हणून या अंकासाठी मी गोदावरी परुळेकर यांच्यावर लिहायचं ठरवलं. कर्जतमध्ये हुतात्मा भाई कोतवालांचं नाव सगळ्यांना माहीत आहे, पण गोदूताईंचं नाव आपल्या बॅचमध्ये फार कमी जणांनी ऐकलंय. मी कॉन्व्हेंटवाली, मराठी पुस्तक वाचायला मला जरा वेळच लागतो. तरी त्यांचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ मी सबमिशनच्या आठवड्यात संपवलं, यावरून काय ते समजा!

गोदूताईंचा जन्म १९०७ साली पुण्यात झाला. माहेरचं आडनाव गोखले, वडील वकील. त्या स्वतःही कायदा शिकल्या. त्या काळात मुलीने लॉ करणं म्हणजे केवढी गोष्ट! मनात आणलं असतं तर पुण्यात आरामात प्रॅक्टिस केली असती. पण त्या भारत सेवक समाजात गेल्या, मुंबईत साक्षरतेचं काम केलं, १९३९ मध्ये शामराव परुळेकरांशी लग्न केलं आणि दोघं कम्युनिस्ट पक्षात आले. युद्धविरोधी चळवळीत तुरुंगवासही झाला. सुटल्यावर त्या ठाणे जिल्ह्यात किसान सभेच्या कामाला लागल्या. आपल्या कर्जतला लागून असलेला मुरबाड तालुका त्याच जिल्ह्यातला. पण त्यांचं मोठं काम झालं ते उत्तरेला, डहाणू आणि उंबरगाव तालुक्यांतल्या वारल्यांमध्ये.

तिथली परिस्थिती वाचून मला दोनदा पुस्तक मिटावं लागलं. जमिनी सावकार-जमीनदारांच्या. त्यांच्या शेतावर वारल्यांनी वेठ करायची, म्हणजे फुकट राबायचं. लग्नासाठी कर्ज काढलं की तो माणूस ‘लग्नगडी’ व्हायचा. फेड म्हणून नवरा-बायको दोघांनी मालकाकडे राबायचं, आणि ते कर्ज कधी फिटायचंच नाही. हिशोब मालकाच्या वहीत, वही वारल्याला वाचता येत नाही. आता अशा माणसाने मजुरी वाढवून मागायची तरी कशी? तो एकटा, शेजारचाही एकटा, आणि दोघांच्या घरी चूल पेटलेली नाही. एकाने नाही म्हटलं तर दुसरा त्याहून कमी पैशांत जाणार. इकॉनॉमिक्सच्या पेपरात आपण मागणी-पुरवठ्याचा ग्राफ काढतो, त्यात ही वही कुठे दिसत नाही.

जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला किसान सभेची परिषद झाली, तिला मोजकेच वारली आले होते. मग २३ मे १९४५ रोजी झरी गावात सुमारे पाच हजार वारली जमले. तिथे ठरलं की वेठ करायची नाही, आणि दिवसाला बारा आणे मिळाल्याशिवाय मालकाच्या शेतावर जायचं नाही. बारा आणे म्हणजे पाऊण रुपया. रक्कम लहान वाटते, पण सगळ्यांनी मिळून एकच आकडा धरला होता. त्यामुळे कमी पैशांत जाणारा कोणी उरलाच नाही.

पावसाळा संपला तसा गवतकापणीचा प्रश्न आला. मागणी होती ५०० पौंड गवताला अडीच रुपये. ५०० पौंड म्हणजे आपल्या युनिटमध्ये जवळजवळ २२७ किलो! विळ्याने कापून एवढं गवत गोळा करायचं. संप झाला. ११ ऑक्टोबर १९४५ ला तलवाड्याला जमलेल्या हजारो वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड धरून पाच जण गेले. परुळेकर दांपत्याला जिल्हाबंदी झाली. तरी संप मोडला नाही आणि अडीच रुपयांचा दर मिळाला. पुढच्या वर्षी, १९४६ मध्ये, जंगलतोडीच्या मजुरांचा संप महिन्याहून जास्त चालला आणि लाकूड व्यापाऱ्यांनी रोजचा सवा रुपया मान्य केला. त्या वेळी गोदूताई जिल्ह्याबाहेर किंवा भूमिगत असायच्या, म्हणजे हा संप खरं तर वारल्यांनीच चालवला. मला त्यांच्या चरित्रात हीच गोष्ट सर्वात मोठी वाटते.

एमएसला अमेरिकेत जायचं स्वप्न आपल्यापैकी बरेच जण बघतात, म्हणून तिथलंही सांगते. तिथे संपूर्ण देशाचं किमान वेतन २००९ मध्ये ताशी सव्वासात डॉलर झालं आणि पुढे पंधरा वर्षं तिथेच थांबलं. काही राज्यांनी स्वतःचे दर वाढवले, ते सोडा. १९५० च्या दशकात तिथल्या जवळपास तीनातल्या एका कामगारामागे युनियन होती, आता दहातल्या एकाच्या आसपास. एवढा श्रीमंत देश, पण एकट्या माणसाचं तिथेही फारसं चालत नाही.

वारली त्यांना प्रेमाने गोदाराणी म्हणत. शामराव १९६५ मध्ये गेले. त्यानंतर १९७० ला पुस्तक आलं, त्याला १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. १९८६ मध्ये त्या अखिल भारतीय किसान सभेच्या अध्यक्ष झाल्या, म्हणजे वय जवळजवळ ऐंशी! ८ ऑक्टोबर १९९६ ला त्यांचं निधन झालं. सोलापूरजवळ बिडी वळणाऱ्या बायकांसाठी दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली, २००६ मध्ये घरांचा ताबा दिला गेला. त्या वसाहतीला गोदूताईंचं नाव आहे.