इमाम गझाली (रह.) आणि जर-तरचा तराजू

वाचकहो, दिवसभरात आपण कितीदा तरी 'जर' म्हणतो आणि त्यामागे 'तर' जोडतो. या दोहोंत खरा सांधा आहे की दोन विधाने नुसती शेजारी बसली आहेत, हे मात्र क्वचितच तपासतो. इमाम अबू हामिद गझाली (रह.) यांनी ते तपासले.

हिजरी ४५० (इ.स. १०५८) मध्ये खुरासानातील तूस येथे त्यांचा जन्म झाला. निशापूरला इमामुल हरमैन जुवैनी यांच्यापाशी ते शिकले. इ.स. १०९१ मध्ये वजीर निजामुल मुल्क यांनी त्यांना बगदादच्या निजामिया मदरशात नेमले. तेथे त्यांनी इब्न सीनाच्या तत्त्वज्ञानावर कठोर टीका लिहिली. आगीने कापूस जळणे हाही अनिवार्य संबंध नव्हे, अल्लाहची इच्छा आहे, असे त्यांनी मांडले. तर्कशास्त्र मात्र त्यांनी टाकून दिले नाही. एकच गोष्ट एकाच वेळी आहे आणि नाही, हे त्यांनीही अशक्यच मानले.

इ.स. १०९५ मध्ये मन इतके विस्कटले की जीभ चालेना. पद आणि कीर्ती सोडून ते दमास्कस, जेरुसलेम आणि हजच्या वाटेला लागले. पुढील वर्षांत त्यांनी 'अल-किस्तास अल-मुस्तकीम' हा लहानसा ग्रंथ लिहिला. त्यात बातिनी पंथाच्या एका माणसाशी संवाद करीत कुरआनातून विचाराचे पाच तराजू दाखविले आहेत.

येथे आपण क्षणभर थांबू. चौथा तराजू 'तलाजुम'चा, म्हणजे एकामागून दुसरे ओघाने येण्याचा. त्याचे उदाहरण सूरह अंबियाची २२वी आयत: अनेक ईश्वर असते तर आकाश आणि पृथ्वीची व्यवस्था बिघडली असती. ती बिघडलेली नाही, म्हणून ईश्वर एकच.

आता आजच्या अभिजात तर्कशास्त्राचा नियम पाहा. 'जर'चा भाग खोटा असेल तर 'तर'मध्ये काहीही घाला, वाक्य सत्यच ठरते. मग अनेक ईश्वर असते तर विश्व सुरळीत चालले असते, हेही तितकेच सत्य! शिवाय 'जर' खोटा म्हणून वाक्य खरे, आणि वाक्य खरे म्हणून 'जर' खोटा, अशी नुसती प्रदक्षिणा होते. युक्तिवादाला बळ येते ते अनेक ईश्वर आणि बिघाड यांत प्रत्यक्ष संबंध असल्यामुळेच. आधुनिक काळात याच कारणाने संबंधाधिष्ठित तर्कपद्धती पुढे आल्या. त्यांतील एक, कनेक्सिव्ह तर्कशास्त्र, सांगते की कोणतेही विधान स्वतःच्या नकाराकडे नेऊ शकत नाही आणि एकाच 'जर'मधून परस्परविरोधी दोन 'तर' निघत नाहीत. तेराव्या शतकात कैरोचे काझी खूनजी यांनी मात्र आक्षेप घेतला की अशक्य गृहीतातून दोन्ही निघू शकतात. हा आक्षेप हलका नव्हे.

इमामांचे दुसरे उदाहरण आपल्या रोजच्या जीवनातले आहे. नमाज योग्य असेल तर नमाजी पाक असतो. नमाज योग्य आहे, म्हणून तो पाक आहे, हे ठीक. पण तो पाक आहे, एवढ्यावरून नमाज योग्य ठरत नाही.

इ.स. ११०६ मध्ये ते निशापूरला पुन्हा शिकवू लागले, नंतर तूसला परतले. शरीअतच्या मूलतत्त्वांवरील 'अल-मुस्तस्फा' या ग्रंथाची प्रस्तावना त्यांनी तर्कशास्त्राची केली. हिजरी ५०५ (इ.स. ११११) मध्ये तूस येथेच त्यांचे निधन झाले. हिंदुस्थानातील मदरशांच्या दर्से निजामी अभ्यासक्रमातही मन्तिकला स्थान मिळाले.